विंडोज १० वरून ११ वर: कोकणातल्या हवेत, कोकणातल्या लाइटीवर

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून दुकानात, शाळेत, होमस्टेच्या काउंटरवर अजून तीच विंडोज चालू ठेवलेली दिसते. पण त्यानंतर जी सुरक्षेची भोकं सापडतात ती, वाढीव अपडेटची नोंदणी (शेवटी पाहा) केलेली नसेल तर, अशा मशीनवर बुजवली जात नाहीत. ज्या कॉम्प्युटरवरून बँक, जीएसटी किंवा डिजिटल सही चालते तो असा ठेवू नये.

अपग्रेड कसं करायचं हे दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यात धरून चाललेलं असतं की लाइट जाणार नाही, नेट तुटणार नाही आणि हवा कोरडी आहे. किनारपट्टीवर यातली एकही गोष्ट धरून चालता येत नाही. इथे काम फसतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: खाऱ्या दमट हवेत थकलेली डिस्क आणि मध्येच गेलेली लाइट. विंडोज टाकणं हे तासा-दोन तासांचं काम आहे. खरा वेळ तयारीला द्यायचा असतो, म्हणून इथेही जास्त जागा तिलाच दिली आहे.

मशीन पात्र आहे का

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘सिस्टीम’ उघडा. प्रोसेसरच्या नावात आय३, आय५ यानंतर जो आकडा येतो त्यावरून पिढी कळते. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी, पाच अंकी असेल तर पहिले दोन. नव्या लॅपटॉपमध्ये चार अंकी आकडा १ ने सुरू होतो, तिथेही पहिले दोन घ्या: आय५-१२३५यू बाराव्या पिढीचा. आय५-८४०० हा आठव्या पिढीचा, आय५-१०४०० दहाव्या. इंटेलमध्ये आठवी पिढी किंवा पुढची हवी. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं, पण त्या मालिकेतले सगळे मॉडेल यादीत नाहीत. अंदाज करत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटं ॲप चालवावं. ते एका क्लिकमध्ये हो किंवा नाही सांगतं आणि नाही असेल तर कारणही देतं.

त्याच पानावर ‘सिस्टीम टाइप’ बघा. तिथे ३२-बिट लिहिलेलं असेल तर आहे त्या विंडोजवरून अपग्रेड होणार नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, तेव्हा सगळं नव्यानेच टाकावं लागेल.

रॅम कागदावर ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली गेलात तर ब्राउझर आणि टॅली एकत्र उघडल्यावर मशीन रांगायला लागतं. डिस्क किमान ६४ जीबी हवी, आणि सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी जागा मोकळी असू द्या.

टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही असं उत्तर आलं तर लगेच निराश होऊ नका. आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने ते सापडतं. ते चालू करून सेव्ह करा. परत विंडोजमध्ये आलात की रन खिडकीत (विंडोज आणि आर एकत्र दाबून उघडते) इंग्रजीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. आवृत्ती २.० दिसली की हा प्रश्न मिटला.

पात्र नसलेल्या मशीनवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) बदल करून ११ घुसवण्याच्या युक्त्या आहेत. कामाच्या मशीनवर त्या करू नयेत असं आमचं ठाम मत आहे. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ कोअर टू ड्युओवर, ती सुरूच होत नाही.

दिवस कुठला निवडावा

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट असतो, मे महिन्यात वळीव असतो. दोन्ही महिन्यांत करायचंच झालं तर सकाळी सातला सुरू करून दुपारच्या आत आटपा. सगळ्यात निवांत काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. आंब्याचं काम असेल तर मार्च ते मे बिलांच्या मशीनला हात लावू नका, कारण पेट्या रवाना व्हायच्या दिवशी प्रिंटर चालेना झाला तर कुणाचीच मनःस्थिती ठीक राहत नाही. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावात आले की मोबाइल नेट मंदावतं, ते दिवस डाउनलोडसाठी सोडून द्या.

त्या दिवशी महावितरणचं देखभालीचं शटडाउन आहे का हे आदल्या दिवशी वायरमनला विचारून घ्या. एक फोन पुरतो.

लाइट

डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, म्हणून यूपीएसशिवाय सुरुवातच करू नये. यूपीएस आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि किनाऱ्यावर तिच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड लवकर चढते. परीक्षा सोपी आहे. सगळ्या फाइल्स बंद करा, मशीन चालू ठेवा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. १० मिनिटं टिकला तर ठीक. दोन मिनिटांत शिट्टी वाजवून बंद पडला तर आधी बॅटरी बदला.

६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला आणि मॉनिटरला मिळून दहा-पंधरा मिनिटं पुरतो. विंडोज टाकायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून मागे घरचा इन्व्हर्टर असेल तर उत्तम. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं. ते त्या बाजूला ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. पंखे, टीव्ही बंद ठेवले तर १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर डेस्कटॉप पाच-सहा तास चालू शकतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला लावू नका. तो गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो.

अर्थिंगकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. खड्ड्यात पाणी घाला, आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थ मधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. वीज चमकायला लागली तर लाइटीच्या प्लगबरोबर राउटरकडून येणारी लॅनची तारही काढा. पुष्कळ बोर्ड त्या तारेतून आलेल्या झटक्याने जातात.

डिस्क आणि कॅबिनेट

‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम चालवा. निळा ‘गुड’ दिसला तरी खाली दोन ओळी वाचा: ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. पेंडिंगच्या पुढे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याशिवाय काहीही असेल तर डिस्कचा काही भाग वाचता येत नाही असा त्याचा अर्थ. अशा डिस्कवर अपग्रेड करू नका. विंडोज टाकताना लाखो फाइल्स इकडून तिकडे हलतात आणि आजारी डिस्क नेमकी त्याच वेळी जीव सोडते. आधी डेटा काढा, मग नवीन डिस्क.

मशीन चार वर्षांहून जुनं असेल किंवा मुंबईकरांच्या बंद घरात महिनोन्महिने पडून असेल, तर एकदा उघडून बघणं फार गरजेचं आहे. प्लग काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मुंग्यांची वारुळं, पालीची अंडी, बुरशी हे सगळं आत सापडतं. एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) जाळीतून काही दिसलं तर तो न उघडता बदलून घ्या, त्यात प्लग काढल्यावरही धोकादायक वीज साठलेली असते. रॅमच्या पट्ट्या काढा. त्यांच्या सोनेरी कडांवर खारी हवा एक मळकट थर चढवते, आणि अपग्रेडच्या मध्ये येणाऱ्या निळ्या पडद्यामागे कित्येकदा तोच असतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन कडा पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत परत बसवा. मग विंडोजचं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा पूर्ण चालवा.

बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, हीसुद्धा बदलाच. मशीन सुरू केल्यावर तारीख मागे गेलेली दिसत असेल तर ती संपलेली आहे. ही बॅटरी मेली की लाइट गेल्यावर बायोसमधल्या सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात, टीपीएम बंद होतं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होत नाही किंवा डिस्कचं कुलूप उघडणारी ‘रिकव्हरी की’ मागत बसतं. लोकांना वाटतं विंडोज ११ खराब आहे. दोष त्या छोट्या स्वस्त बॅटरीचा असतो.

बॅकअप

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चार फोल्डर सगळे घेतात. विसरतात ते पुढचं. टॅलीचा डेटा कुठे आहे ते कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतं, तो अख्खा फोल्डर घ्या. आउटलुकची मेल फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, स्कॅन केलेले सातबारे, लेटरहेड आणि शिक्क्यांच्या फाइल्स, प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर, बोटाचा ठसा घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर. आणि फॉन्ट. जुन्या मराठी टायपिंगचे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, ते कॉपी करून ठेवा. ते गेले तर दहा वर्षांची पत्रं इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसू लागतात.

दोन प्रती हव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. असं पाणी आलं की मशीन आणि ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क एकत्रच बुडतात. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने छपरं उडाली तेव्हाही हेच. पेनड्राइव्हला बॅकअप मानू नका, तो नेण्या-आणण्यापुरता.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइल्सची संख्या जुळवा. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून कुठल्याही दहा फाइल्स उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप धरायचा नाही. हे झालं की डिस्क मशीनपासून काढून ठेवा. विंडोज टाकताना चुकून तीच डिस्क निवडून फॉरमॅट मारली जाते, असं होतं.

‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात शाई पसरते.

दोन मार्ग, आणि आमची पसंती

पहिला मार्ग म्हणजे आहे त्या विंडोजवरच ११ चढवणं. प्रोग्रॅम, फाइल्स, प्रिंटर सगळं जागेवर राहतं. मशीनमध्ये आधीच एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल आणि ते ठणठणीत असेल तर हा मार्ग बरा.

दुसरा मार्ग: २५६ किंवा ५१२ जीबीची नवी एसएसडी घ्यायची, जुन्या डिस्कच्या दोन्ही तारा काढायच्या आणि नव्या एसएसडीवर कोरी विंडोज टाकायची. फिरती हार्ड डिस्क असेल तर हाच मार्ग घ्या. विंडोज ११ फिरत्या डिस्कवर इतकी संथ चालते की आठवड्यात माणूस कंटाळतो. पण खरं कारण वेगळं आहे. काहीही बिघडलं, लाइट गेली, नवी डिस्क सदोष निघाली, तरी जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला आहे. तारा परत लावल्या की कालचा कॉम्प्युटर आज सुरू. यापेक्षा सुरक्षित अपग्रेड आम्हाला माहीत नाही. प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतात हे खरं, पण त्यात एक दिवस जातो, डेटा जात नाही. फक्त जुन्या विंडोजमधून टॅलीचं लायसन्स आधी ‘सरेंडर’ करा, त्याला नेट लागतं.

परवान्याची काळजी नको. विंडोज १० ‘डिजिटल लायसन्स’ने चालू असेल तर तो परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो. नवी डिस्क लावून तीच एडिशन टाकली की नेटला जोडल्यावर ११ आपोआप चालू होते. आपल्याकडच्या कित्येक मशीनवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते, म्हणून आधी नेमकी एडिशन लिहून ठेवा.

फाइल आणायची कशी

मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी विंडोज मावणारी एकच फाइल) घ्या. ती साधारण साडेपाच ते सात जीबी भरते. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर ती एका दिवसात येत नाही, आणि साइटची लिंक २४ तासांनी मरते. फायबर असलेल्या ठिकाणी जाऊन डाउनलोड करणं सोयीचं. पेनड्राइव्हवर आणताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं तर पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा आहे, त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

नेट तुटत तुटत आलेली फाइल आतून खराब असू शकते. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा देऊन त्यापुढे फाइलचा पत्ता द्या. जी लांब ओळ येईल ती मायक्रोसॉफ्टच्या पानावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या.

भाषा नीट निवडा, इथे फार लोक अडतात. जुनी विंडोज अमेरिकी इंग्रजीत आहे आणि तुम्ही ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ आणलीत, तर प्रोग्रॅम राखण्याचा पर्यायच फिका पडतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिझम स्लॅश ऑनलाइन स्लॅश गेट-इंटल’ (dism /online /get-intl) लिहिलं की ‘डिफॉल्ट सिस्टीम यूआय लँग्वेज’ दिसते. तीच आणा. कोरी विंडोज टाकणार असाल तर भाषेचा प्रश्न नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच ‘मीडिया क्रिएशन टूल’ने बूट होणारा (ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा) पेनड्राइव्ह करा. ८ जीबी किमान, १६ चा घ्या.

सी, डी, ई ड्राइव्हची गुंतागुंत

रन खिडकीत ‘एमएसइन्फो३२’ टाइप करून ‘बायोस मोड’ बघा. ‘यूईएफआय’ (बायोसची नवी पद्धत) असेल तर हा भाग सोडून द्या. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर डिस्कवरची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागेल. विंडोजमध्येच त्यासाठी ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाची आज्ञा आहे, त्यातला ‘टू’ आकड्यात लिहायचा. आधी तिच्यापुढे ‘स्लॅश व्हॅलिडेट’ आणि ‘स्लॅश अलाऊफुलओएस’ लिहून तपासा. तपासणी पास झाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहा.

पण असेंबल केलेल्या मशीनवर ही तपासणी बहुतेक वेळा नापास होते. कारण तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एखादं एक्स्टेंडेड पार्टिशन तिला चालत नाही, आणि आपल्याकडे डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडायची सवय आहे. ते ड्राइव्ह रिकामे करून पुसणं हा एक उपाय. नवी एसएसडी हा दुसरा, आणि सोपा.

बदल झाल्यावरच बायोसमध्ये जाऊन ‘सीएसएम’ (जुनी लेगसी पद्धत चालवणारी सेटिंग) बंद करा, ‘यूईएफआय’ आणि ‘सिक्युअर बूट’ चालू करा. क्रम उलटा झाला तर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं. घाबरू नका, सेटिंग परत लेगसीवर न्या, मशीन उठतं.

प्रत्यक्ष काम

आहे त्यावर चढवताना:

१. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर सोडून सगळं काढा. प्रिंटर, डोंगल, वेबकॅम, दुसरी डिस्क.
२. बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा. नुसता बंद करून भागत नाही.
३. बिटलॉकर असेल तर ‘सस्पेंड’ करा.
४. अडकलेली अपडेट संपवून मशीन एकदा रिस्टार्ट करा.
५. आयएसओवर डबल क्लिक करा, ती डीव्हीडीसारखी उघडते. आतलं ‘सेटअप’ चालवा.
६. पहिल्याच पडद्यावर अपडेट कसे घ्यायचे ते बदलायची ओळ असते, तिथे ‘नॉट राइट नाऊ’ निवडा. मंद नेटवर सेटअप तिथेच तासभर खोळंबतो.
७. शेवटच्या पडद्यावर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ वाचल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नका.

खिडकीत टक्के वाढत असतात तोवर लाइट गेली तर फारसं बिघडत नाही, जुनी विंडोज तशीच असते. पहिला रिस्टार्ट झाला आणि पूर्ण पडद्यावर टक्के दिसू लागले की नाजूक वेळ सुरू होते. तिथून पुढे हात लावायचा नाही. एसएसडीवर अर्धा ते एक तास, फिरत्या डिस्कवर दोन ते चार तास. एकाच टक्क्यावर अर्धा तास थांबणं नेहमीचं आहे. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजा. तीन तास आकडा हलला नाही आणि दिवाही मेलेला असेल, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ‘जुनी विंडोज परत आणत आहे’ असा संदेश आला तर त्याला पूर्ण वेळ द्या. इथे घाई करून दुसऱ्यांदा बंद केलं की मात्र खरोखरच फॉरमॅट मारायची वेळ येते.

नव्या एसएसडीवर टाकताना पेनड्राइव्हवरून बूट करा. बोर्डानुसार एफ८, एफ११ किंवा एफ१२ लागतं. की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, मग आपली एडिशन, मग ‘अनअलोकेटेड’ लिहिलेली जागा आणि ‘नेक्स्ट’. होम एडिशन पुढे नेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. वायफायचा ड्रायव्हर अजून नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, ते सहसा ड्रायव्हरशिवाय चालतं. २४एच२ पासून खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या इन्स्टॉलेशनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. त्याची रिकव्हरी की त्याच दिवशी कागदावर घ्या.

फसलं तर कोड वाचा

कोडमध्ये ८००७००७० असेल तर जागा कमी पडली. त्यात १९००१०१ हा आकडा असेल तर ड्रायव्हरची अडचण. बहुतेकदा जुना ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर असतो, तो नवा टाका किंवा काढून टाका. १९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम जुळत नाही. १९००२०० म्हणजे मशीनच किमान अटींत बसत नाही. नेमकं कारण हवं असेल तर विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमधल्या ‘सेटअपडायग’मध्ये निकालाची फाइल पडलेली असते. त्यात कुठल्या ड्रायव्हरने घात केला त्याचं नाव बऱ्याचदा मिळतं.

झाल्यावर

मोबाइल नेट असेल तर पहिलं काम, ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरायचं) करा. आणि वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) डेस्कटॉप-डॉक्युमेंट्स नेटवर चढवायला घेतलंय का बघा. फुकट जागा ५ जीबीच मिळते, पण तेवढ्यात तुमचा दिवसाचा डेटा संपतो.

मग एकेक वस्तू जोडत जा आणि लगेच तपासा: बिल छापून बघा, डिजिटल सही करून बघा, ठसा घेऊन बघा. सगळं एकदम जोडलं तर काय अडलं ते कळत नाही.

जुन्या मराठी फाइल्स उघडल्यावर अक्षरं बदललेली वाटतील. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट विंडोजसोबत आपोआप येत नाहीत. सेटिंगमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ टाका. टायपिंगसाठी मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात, विंडोज आणि स्पेस दाबून बदलता येतात. डोंगलवर चालणारं जुनं टायपिंग सॉफ्टवेअर मात्र विकणाऱ्याकडून नवी आवृत्ती घेतल्याशिवाय चालेलच असं नाही.

आहे त्यावर चढवलं असेल तर परत फिरायला १० दिवस मिळतात. सेटिंगमध्ये ‘रिकव्हरी’खाली ‘गो बॅक’ आहे. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम’च्या ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ या आज्ञेने (dism /online /set-osuninstallwindow /value:60) ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. टॅलीचा महिना एकदा बंद करून बघायचा असेल तर जरूर वाढवा. तोवर डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करू नका. ते पुसलं की परतीची वाट बंद.

मशीन अटींत बसतच नसेल तर

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत, ‘विंडोज अपडेट’च्या पानावरूनच नोंदणी होते. तो फक्त नवं मशीन घेईपर्यंतचा वेळ आहे. नेट, पत्रं आणि व्हिडिओ एवढंच काम असलेल्या जुन्या आय३ वर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत प्रणाली) छान चालते, मराठी इनस्क्रिप्टसुद्धा. टॅली किंवा ठशाचं मशीन असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

नवी एसएसडी लावली असेल तर जुनी डिस्क निदान सहा महिने पुसू नका. स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर तारीख लिहा, आणि मे महिन्याच्या अखेरीस पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा लावून ती फिरते का बघा.